अर्थविज्ञान शिकायला बसताय? व्याख्या नंतर, आधी वाक्यं तपासा

मराठी घेऊन बी.ए. केलं आणि मग भाषाविज्ञानाला गेले. अर्थविज्ञान म्हणजे शब्दांच्या आणि वाक्यांच्या अर्थाचा अभ्यास. त्याच्या पहिल्याच परीक्षेत मी अडखळले. व्याख्या सगळ्या तोंडपाठ होत्या. प्रश्नपत्रिकेत मात्र मराठी वाक्यांच्या जोड्या होत्या आणि खाली एकच प्रश्न: 'पहिल्या वाक्यावरून दुसरं निघतं का? निघत असेल तर कसं?' मी पानंच्या पानं व्याख्या लिहून आले आणि त्या उत्तराला जेमतेम गुण मिळाले. पेपर परत मिळाला तेव्हा समासात लाल शाईत लिहिलं होतं, 'तपासून दाखवलं कुठे?'

तो शेरा मला फार उपयोगी पडला. या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक संकल्पनेमागे एक चाचणी असते आणि ती करून बघितल्याशिवाय संकल्पना हाताला लागत नाही. मी ज्या क्रमाने पुन्हा शिकले, तोच क्रम इथे देते. एम.ए.ला नव्यानं आलेले, प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेची तयारी करणारे, भाषांतर करणारे, किंवा नुसतीच भाषेची आवड असणारे, कोणालाही तो चालेल.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- एक जाड वही. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: ऐकलेलं वाक्य, केलेली चाचणी, निष्कर्ष.
- एक मोठा मराठी कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश मिळाला तर उत्तमच.
- आयआयटी मुंबईत तयार झालेलं मराठी वर्डनेट. त्यात शब्द अर्थाच्या नात्यांनी जोडलेले आहेत. चौथ्या पायरीला ते लागेल.
- वेगवेगळ्या भागांतली दोन-तीन मराठी माणसं. नागपूरची आत्या, मालवणचा मित्र, कोल्हापूरची शेजारीण. 'असं म्हणाल का?' हे विचारायला माणूसच लागतो, कोश पुरत नाही.
- वहीच्या शेवटी संज्ञांसाठी दोन पानं राखून ठेवा. मराठी पुस्तकांत एकाच संकल्पनेला तीन-तीन नावं सापडतात. इंग्रजी संज्ञा, या पुस्तकातला शब्द, त्या पुस्तकातला शब्द असं टिपत गेलात तर पुढचा पुष्कळ गोंधळ वाचतो.

१. अर्थ कशाचा, ते आधी ठरवा

पाहुणे उंबऱ्यात उभे राहून चपला घालतात आणि म्हणतात, 'बरं, येतो मी.' आणि निघून जातात.

इथे अर्थाच्या तीन पातळ्या एकावर एक आहेत. 'ये' या धातूचा अर्थ: बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या दिशेनं हालचाल. 'मी येतो' या वाक्याचा अर्थ: बोलणारा ती हालचाल करतो किंवा करणार आहे. आणि उंबऱ्यात ते वाक्य उच्चारण्याचा अर्थ: मी निघालो. 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं.

शब्दाचा अर्थ, वाक्याचा अर्थ आणि उक्तीचा अर्थ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन अर्थविज्ञानाच्या, म्हणजे सेमॅण्टिक्सच्या हद्दीत येतात. तिसरी बहुतेक ठिकाणी प्रॅग्मॅटिक्स, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या अर्थाचा अभ्यास, या नावाखाली शिकवतात. हद्द नेमकी कुठे, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत, पण नवख्या माणसानं त्यात पडू नये. वहीत वाक्य लिहिलं की शेजारी फक्त 'श', 'वा' किंवा 'उ' असं अक्षर टाका. मी हे महिनाभर केलं आणि माझ्या अर्ध्या चुका तिथेच थांबल्या.

२. शब्द, कल्पना आणि वस्तू वेगळ्या करा

'अर्थ म्हणजे शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवतो ती वस्तू,' असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. हे दोन शब्द घ्या: 'महाराष्ट्राचे मुख्यमंत्री.' १ मे १९६० ला हे शब्द यशवंतराव चव्हाणांकडे बोट दाखवत होते. आज दुसऱ्या कोणाकडे दाखवतात. माणूस बदलला, पण शब्दांचा अर्थ बदलला का? नाही. शब्द जिच्याकडे बोट दाखवतो ती वस्तू किंवा व्यक्ती हा निर्देश, म्हणजे रेफरन्स. आणि तिच्यापर्यंत पोचायची जी वाट शब्द देतो तो आशय, म्हणजे सेन्स.

गोटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञानं १८९२ मध्ये हा भेद मांडला. त्याचं उदाहरण आकाशातलं होतं: पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा. दोन्ही शुक्रच. पण 'पहाटेचा तारा म्हणजे पहाटेचा तारा' हे सांगून काहीच कळत नाही, आणि 'पहाटेचा तारा म्हणजेच संध्याकाळचा तारा' हे कोणाला तरी शोधून काढावं लागलं. निर्देश एक, आशय दोन.

ऑग्डेन आणि रिचर्ड्स या इंग्रज अभ्यासकांचा १९२३ मधला त्रिकोणही इथेच भेटेल: एका टोकाला शब्द, दुसऱ्याला कल्पना, तिसऱ्याला वस्तू, आणि शब्द-वस्तू जोडणारी रेघ तुटक. ती रेघ तुटक का, हे परीक्षेत हमखास विचारतात. शब्द आणि वस्तू यांचा थेट संबंध नाही, तो कल्पनेतून जातो, म्हणून.

सापळा: 'आणि', 'पण', 'तर', 'च' हे शब्द कोणत्या वस्तूकडे बोट दाखवतात? कोणत्याच नाही. तरी त्यांना अर्थ आहे, आणि मराठीत तर तो फार महत्त्वाचा आहे. सातव्या पायरीत दिसेलच.

३. एक शब्द की दोन? 'पान' घेऊन बसा

या पायरीला घाई करू नका. मला स्वतःला विषयाची गोडी इथे लागली.

आमच्याकडे जेवायच्या वेळी आजी विचारायची, 'पानं घेतली का?' ताटं स्टीलची असायची, पानं नसायचीच. आता 'पान' या शब्दाचे अर्थ मांडा: झाडाचं पान, विड्याचं पान, जेवायचं पान, पुस्तकाचं पान. पिंपळाच्या पानापासून आजीच्या ताटापर्यंत एक वाट दिसते. सगळं संस्कृत 'पर्ण' वरून आलेल्या एकाच शब्दाचं वाढलेलं झाड आहे. जेवण पानावर वाढत, म्हणून मांडलेल्या ताटालाही पान. पुस्तकाचा कागद पानासारखा पातळ आणि सपाट, म्हणून तेही पान. एका शब्दाचे असे परस्परांशी नातं असलेले अनेक अर्थ, ती अनेकार्थता. इंग्रजी पुस्तकांत तिला पॉलिसेमी म्हणतात.

आता 'मद्यपान' मधलं 'पान' घ्या. ते 'पिणे' या अर्थाच्या संस्कृत धातूवरून आलं. पिंपळाच्या पानाशी त्याचा काही संबंध नाही. केवळ उच्चार जुळला. ही समध्वनिता, म्हणजे होमोनिमी. कोशात पहिल्या प्रकारच्या शब्दाला एकच नोंद आणि खाली १, २, ३ असे अर्थ असतात. दुसऱ्या प्रकाराला दोन स्वतंत्र नोंदी लागतात. मोल्सवर्थ उघडून आवडीचे दहा शब्द बघा आणि कोशकारानं कुठे एक नोंद केली, कुठे दोन, ते टिपा.

मराठीत एक सोपी युक्ती सांगतात: लिंग बघा. 'ते नाव' म्हणजे ओळख आणि 'ती नाव' म्हणजे होडी. लिंग वेगळं, म्हणून शब्द वेगळे. 'तो हार' आणि 'ती हार' तसेच. युक्ती चांगली आहे, पण तिच्यावर विसंबू नका. 'माझा वेळ गेला' आणि 'माझी वेळ चुकली' ही वाक्यं बघा. पहिल्यात वेळ म्हणजे कालावधी, दुसऱ्यात नेमकी घटका. लिंग बदललं, पण शब्द मुळात एकच, संस्कृत 'वेला'. आणि उलट बाजूनं, दोन्ही 'पान' नपुंसकलिंगीच आहेत, तरी शब्द दोन. म्हणजे ही युक्ती दोन्हीकडून फसते.

त्यापेक्षा भरवशाची चाचणी म्हणजे दोन अर्थ एकाच क्रियापदाला जुंपायचे. 'मी पिंपळाचं आणि वहीचं पान जपून ठेवलं' हे वाचताना जीभ किंचित अडखळते, पण वाक्य चालतं. 'त्यानं विड्याचं आणि मद्याचं पान केलं' हे मुळीच चालत नाही. हे अडखळणं किती, तेच मोजायचं आहे. स्वतःचं मत झालं की वर सांगितलेल्या आत्याला आणि मित्राला विचारा. उत्तरं वेगळी आली तर तीही लिहा, खोडू नका.

४. शब्दांची नाती

ही पायरी शाळेतून अर्धी येतेच, म्हणून थोडक्यात.

समानार्थी: पूर्ण समानार्थी शब्द जवळजवळ नसतातच. 'पाणी' आणि 'जल' एकच म्हणाल, पण 'जरा जल द्या' असं हॉटेलात कोणी म्हणत नाही, आणि 'पाणीप्रदूषण' कानाला खटकतं. अदलाबदल करून पाहा, हीच चाचणी.

विरुद्धार्थी: शाळेत हा एकच गठ्ठा असतो. इथे त्याचे तीन करा. जिवंत-मृत यांत मधलं काही नाही, एक नाकारलं की दुसरं येतंच. गरम-गार यांत कोमट आहे, 'जास्त गरम' म्हणता येतं. 'चहा गरम नाही' म्हटल्यानं तो गार ठरत नाही. सासू-सून किंवा विकणं-विकत घेणं हा तिसरा प्रकार. ती एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत, एक असल्याशिवाय दुसरं संभवत नाही.

अंतर्भाव: मेथी ही पालेभाजी, पालेभाजी ही भाजी. 'अमुक म्हणजे एक प्रकारचं तमुक' या साच्यात बसतं का ते बघा. अवयव-संबंध वेगळा: उंबरा हा घराचा भाग आहे, 'एक प्रकारचं घर' नाही. मराठी वर्डनेटवर एखादा शब्द टाकून ही नाती प्रत्यक्ष बघा.

५. नातेवाईक मांडून बघा

शब्दाचा अर्थ आणखी लहान तुकड्यांत फोडता येतो का? अमेरिकेत वॉर्ड गुडइनफ आणि फ्लॉईड लाउन्सबरी या मानवशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये नात्यांचे शब्द घेऊन हा प्रयोग केला. घटक-विश्लेषण म्हणतात ते हेच. मराठी माणसाला याच्याइतकं हाताशी असलेलं उदाहरण दुसरं नाही.

एक चौकोन काढा. आडव्या ओळीत 'आईकडून' आणि 'वडिलांकडून', उभ्या ओळीत 'पुरुष' आणि 'स्त्री'. चार घरांत मामा, मावशी, काका, आत्या बसतात. एकही घर रिकामं नाही, एकही शब्द बाहेर नाही. इंग्रजीतला 'अंकल' यातली बाजू बघतच नाही, म्हणून इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करताना आपल्याला अडायला होतं: हा मामा की काका?

पुढे जा. मामे, मावस, चुलत, आते, आणि त्यांना भाऊ किंवा बहीण जोडली की आठ नाती तयार. मग सासरची मांडा. इथे एक नवा घटक लागतो, नातं कोणाच्या बाजूनं मोजायचं तो. नवऱ्याचा भाऊ दीर, बायकोचा भाऊ मेहुणा. नवऱ्याची बहीण नणंद, बायकोची मेहुणी. नवऱ्याच्या भावाची बायको जाऊ, बायकोच्या बहिणीचा नवरा साडू. हा तक्ता एकदा हातानं काढा. वाचून समजल्यासारखं वाटतं, काढायला बसलं की कुठे अडतं ते कळतं. मी 'मेहुणा' वर अडले होते, कारण बहिणीचा नवराही मेहुणाच.

आणि मग तक्ता कुठे कमी पडतो तेही बघा. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत सून सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणते. तक्त्यात हे बसत नाही. पण मामे-आते भावंडांतल्या लग्नाची चाल लक्षात घेतली की लगेच बसतं: आत्याच्या मुलाशी लग्न झालं तर सासू ही आत्याच असते. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात केला, त्यात अशा चालींचा सविस्तर विचार आहे. नात्याच्या शब्दाचा अर्थ समाजाकडे बघितल्याशिवाय पुरा होत नाही. शिवाय हाक मारायचा शब्द आणि उल्लेख करायचा शब्द वेगळे लिहा. रिक्षावाल्या काकांना तक्त्यात घालू नका.

हीच पद्धत सर्वनामांना लावा. घटक दोन: बोलणारा आत आहे का, ऐकणारा आत आहे का. 'आम्ही निघतो' यात ऐकणारा नाही, 'आपण निघू' यात आहे. हिंदीच्या 'हम' ला हा भेद नाही. मराठी शिकणारा हिंदीभाषक मित्र 'आम्ही जाऊया' म्हणतो, तेव्हा तो नेमका हाच घटक गाळत असतो.

एक इशारा: सगळेच शब्द असे चौकटीत बसत नाहीत. 'पक्षी' म्हटल्यावर चिमणी आठवते, शहामृग उशिरा आठवतो. मानसशास्त्रज्ञ एलिनॉर रॉश यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की गटातले सगळे सदस्य माणसाच्या मनात सारख्या तोलाचे नसतात, काही मध्याशी असतात, काही कडेला. 'भांडं' या शब्दाला होय-नाहीचे घटक लावून बघा. पातेलं नक्की भांडं. कढई? तवा? चमचा? कुठे थांबायचं ते सांगता येणार नाही, आणि ते न येणं हेच तिथलं उत्तर आहे.

६. शब्दांपासून वाक्याकडे

साधा नियम असा की वाक्याचा अर्थ त्यातल्या शब्दांच्या अर्थांवरून आणि त्यांच्या जुळणीवरून बनतो. आपल्याकडे मीमांसा आणि न्याय या दोन प्राचीन दर्शनांच्या पंडितांनी, म्हणजे मीमांसकांनी आणि नैयायिकांनी, यावर कित्येक शतकं वाद घातला आहे. त्यांच्या तीन अटी आजही कामाच्या आहेत. आकांक्षा: शब्दांना एकमेकांची गरज हवी. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' हे वाक्य नव्हे. योग्यता: अर्थ जुळायला हवा. 'विस्तवानं झाडं शिंपतो' हे व्याकरणात बसतं, अर्थात नाही. संनिधी: शब्द एकमेकांजवळ यायला हवेत. एक शब्द सकाळी आणि दुसरा संध्याकाळी उच्चारला तर वाक्य होत नाही.

नियम मोडतो तो वाक्प्रचारांत. 'त्यानं नोकरीवर पाणी सोडलं' यात पाणी नाही आणि सोडणंही नाही. चाचणी: मध्ये विशेषण घाला. 'नोकरीवर थंड पाणी सोडलं' म्हणताच वाक्प्रचार मोडतो.

आणि एक वाक्य, दोन जुळण्या: 'मी धावताना मुलाला पाहिलं.' धावत कोण होतं? शब्द सगळे एकार्थीच आहेत. दोन अर्थ जुळणीतून आले. अनेकार्थी शब्दामुळे आलेली संदिग्धता आणि रचनेमुळे आलेली संदिग्धता वहीत वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

७. एका वाक्यावरून दुसरं कसं निघतं

माझी परीक्षा बिघडली ती इथे, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. तीन प्रकारचे निष्कर्ष आहेत.

'दादांनी पुण्यात घर घेतलं.' यावरून 'दादांनी घर घेतलं' हे निघतंच. पहिलं खरं आणि दुसरं खोटं असं होऊच शकत नाही. हा अटळ निष्कर्ष, एन्टेलमेण्ट.

'दादांनी तंबाखू सोडली.' म्हणजे आधी खात होते. हेही निघतं, पण वेगळ्या रीतीनं. ही बाब वाक्य सांगत नाही, ती धरून चालतं. हे पूर्वगृहीत, प्रिसपोझिशन.

'काही पोळ्या उरल्यात.' ऐकणारा समजतो, सगळ्या उरल्या नसाव्यात. हा सूचितार्थ, इम्प्लिकेचर. तत्त्वज्ञ पॉल ग्राईस यांनी १९७५ मध्ये छापलेल्या निबंधात त्याची मांडणी आहे: बोलणारा सहकार्यानं बोलतोय, पुरेसं सांगतोय, असं आपण धरतो. सगळ्या उरल्या असत्या तर त्यानं 'सगळ्या' म्हटलं असतं.

आता चाचण्या. पहिली, नकार आणि प्रश्न. 'दादांनी तंबाखू सोडली नाही.' 'दादांनी तंबाखू सोडली का?' दोन्हींत दादा आधी खात होते हे टिकून राहतं. म्हणजे पूर्वगृहीत. 'दादांनी पुण्यात घर घेतलं नाही' म्हटल्यावर 'घर घेतलं' हे टिकत नाही. म्हणजे तो नुसता अटळ निष्कर्ष होता. दुसरी चाचणी, मागे घेणं. 'काही पोळ्या उरल्यात, खरं तर सगळ्याच उरल्यात.' चाललं. म्हणजे सूचितार्थ. 'दादांनी पुण्यात घर घेतलं, खरं तर घर घेतलंच नाही' हे चालत नाही.

आता मराठीतला खास सापळा. इंग्रजी पुस्तकातली नकाराची चाचणी मराठीवर जशीच्या तशी लावली की 'च' आणि 'ही' असलेल्या वाक्यांत उत्तर चुकतं. 'सुनीताच आली' म्हणजे दुसरं कोणी आलं नाही. याला साधा नकार लावा: 'सुनीताच आली नाही.' अर्थ काय झाला? बाकीचे आले, ती तेवढी राहिली. हा मूळ वाक्याचा नकारच नव्हे, नकार 'च' च्या आत शिरला. 'सुनीताही आली' यात आणखी कोणी तरी आलं हे धरलेलं आहे. 'सुनीताही आली नाही' म्हणताच आणखी कोणी तरी आलं नाही हे धरलं जातं. नवखा विद्यार्थी बघतो, पूर्वगृहीत टिकलं नाही, आणि 'हे पूर्वगृहीत नाही' असं लिहून मोकळा होतो.

उपाय: अशा वाक्यांना नकार बाहेरून लावा, 'सुनीताच आली असं नाही.' किंवा सरळ प्रश्नाची चाचणी करा: 'सुनीताही आली का?' आणखी कोणी आलं हे इथे टिकून आहे. चाचणी बिघडली, संकल्पना नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे कितीतरी दिवस वाचले असते.

सरावासाठी 'च' एकाच वाक्यात फिरवा: 'मीच काल पुण्याला गेलो', 'मी कालच पुण्याला गेलो', 'मी काल पुण्यालाच गेलो'. प्रत्येक वेळी काय वगळलं जातं ते लिहा.

८. अभिधा-लक्षणा-व्यंजना इथे कुठे बसतात

संस्कृत काव्यशास्त्रात शब्दाच्या या तीन शक्ती मानतात: अभिधा मुख्य अर्थ देते, लक्षणा तो अडल्यावर त्याच्याशी संबंध असलेला दुसरा, आणि व्यंजना सुचवलेला. मराठीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडतोच. जोड्या लावण्याची घाई करू नका.

'गंगायां घोषः', गंगेवर गवळ्यांची वस्ती, हे प्रसिद्ध उदाहरण. मुख्य अर्थ अडतो, कारण प्रवाहावर वस्ती होत नाही. जवळच्या संबंधानं 'काठ' हा अर्थ घेतला जातो. आणि तसं बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन असतं. मम्मट या काव्यशास्त्रकारानं सांगितलेल्या लक्षणेच्या या अटी म्हणजे एक नीट चाचणीच आहे. 'अख्खं गाव लोटलं' ला ती लावून बघा, बरोबर लागते.

व्यंजनेचं मात्र जपून. सूचितार्थाशी तिचं साम्य आहे, पण काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाच्या ध्वनीत, म्हणजे सुचवलेल्या अर्थात, रसही येतो, आणि ग्राईसच्या मांडणीत रसाला जागा नाही. त्याच परंपरेतल्या महिमभट्टानं व्यंजना ही वेगळी शक्ती न मानता तिला अनुमानात घातलं. ग्राईसशी तुलना करायचीच असेल तर त्याच्याशी करा, ती जास्त जवळची आहे. उत्तरपत्रिकेत 'व्यंजना म्हणजेच इम्प्लिकेचर' असं एका ओळीत लिहू नका.

९. अर्थ बदलतात, तेव्हा व्युत्पत्तीला अर्थ समजू नका

'सेमॅण्टिक्स' या नावाचं फ्रेंच रूप भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८८३ मध्ये रूढ केलं, ते अर्थबदलांच्या अभ्यासासाठीच. उदाहरणं घरातच आहेत. तेल मुळात तिळाचं, आज शेंगदाण्याचंही. 'मृग' म्हणजे एकेकाळी कोणताही पशू. सिंहाला मृगेंद्र म्हणतात त्यात तो जुना अर्थ टिकून आहे. 'शिक्षा' मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण. 'राजीनामा' हिंदीत तडजोडीचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. अशुभ टाळायला नारळ 'फोडत' नाहीत, 'वाढवतात'. फुटलेली बांगडीही 'वाढवली' म्हणतात.

सापळा एकच, पण मोठा: 'या शब्दाचा खरा अर्थ अमुक, कारण मूळ धातू अमुक.' शब्दाचा आजचा अर्थ आजच्या वाक्यांतून काढायचा. 'शेंगदाण्याचं तेल' म्हणणारा माणूस चुकत नाही.

१०. आता एक खरा संवाद सोडवा

एवढं झालं की घरातला किंवा बाजारातला संवाद टिपा. रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा. माझ्या वहीतला पहिला संवाद भाजीवाल्या मावशींशी झालेला आहे:

'मेथी कशी दिली?'
'वीसला जुडी.'
'कालची दिसतेय.'
'आत्ता गाडीतून उतरवली, ताई.'
'पंधराला देता?'
'घ्या.'

'कशी दिली' यात 'दिली' भूतकाळी आहे, पण अजून काहीच दिलेलं नाही. शब्दांच्या जुळणीवरून हा अर्थ निघत नाही. 'मेथी कशी चांगली दिली?' म्हणून बघा, भावाचा प्रश्न उरत नाही. म्हणजे सहाव्या पायरीतला ठरीव प्रयोग. 'जुडी' हे मेथीचं माप, 'वीसला जुडी' यात रुपये गाळलेत, आकांक्षा संदर्भानं भागली. 'ताई' हाक आहे, नात्याच्या तक्त्यात जात नाही. 'पंधराला देता?' हा आकारानं प्रश्न, कामानं मागणी. म्हणून उत्तर 'हो' असं आलं नाही, 'घ्या' असं आलं.

राहिलं 'आत्ता गाडीतून उतरवली.' यावरून मेथी ताजी आहे हे निघतं का? मागे घेऊन बघितलं: 'आत्ता गाडीतून उतरवली, पण तोडलीय परवा.' वाक्य मोडत नाही. म्हणजे ताजेपणा हा अटळ निष्कर्ष नव्हे, सूचितार्थ. मावशींनी मेथी कधी तोडली हे सांगितलंच नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. म्हणाल्या, पहाटेच तोडलेली होती. ते उत्तर त्याच पानावर, तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवलं आहे.